गाडीचा एसी फिल्टर घरीच बदला, आणि जुना फेकायच्या आधी नीट बघा

ब्लोअर चारवर आहे, आवाज असा की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतंय आणि वारा मात्र तोंडाला लागत नाही, असं झालं की आपण सगळे एकच निदान करतो, गॅस कमी झालाय. मी पण तेच केलं होतं. एप्रिलची दुपार, गाडी घेऊन गॅस भरायला गेले, तर गॅरेजवाल्या दादाने गेज काढायच्या आधी डावीकडचा ग्लोव्हबॉक्स खाली पाडला, आतून एक काळीकुट्ट घडीघडीची चौकोनी वस्तू ओढून काढली आणि माझ्यासमोर धरली, "ताई, गॅसचं नंतर बघू, आधी हे बघा." त्यावर पिंपळाची वाळलेली पानं, गुलमोहराच्या पाकळ्या, एक मेलेली गांधीलमाशी आणि बोटभर जाड धूळ. फिल्टर काढलेला असतानाच त्याने दोन सेकंद ब्लोअर लावून दाखवला, असा वारा आला की डॅशबोर्डवरची पावती उडाली.

आता गंमत अशी की त्याच्या सहा महिने आधीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात "एसी फिल्टर बदलला" म्हणून पैसे लावलेले होते, वर लेबर वेगळं. मी तेव्हा जुना फिल्टर दाखवा म्हणाले होते तर "मॅडम, तो टाकून दिला" असं उत्तर मिळालं होतं. त्यानंतर हे काम मी कुणालाच दिलेलं नाही. चार वेळा स्वतः बदललाय, पहिल्या वेळी चाळीस मिनिटं लागली, आता दहा लागतात, त्यातली पाच ग्लोव्हबॉक्स रिकामा करण्यात जातात.

आधी नावांचा घोळ मिटवू. सर्व्हिस सेंटरला याला एसी फिल्टर म्हणतात, दुकानात केबिन फिल्टर, काही जण पोलन फिल्टर म्हणतात, तिन्ही एकच. नुसतं "एअर फिल्टर द्या" म्हणालात तर दुकानदार इंजिनचा फिल्टर हातात देईल, तो बॉनेटखाली काळ्या डब्यात असतो आणि इंजिनात जाणारी हवा गाळतो. आपला हा फिल्टर आपल्या नाकात जाणारी हवा गाळतो.

हवेचा रस्ता कळला की पुढचं सगळं सोपं होतं म्हणून तेवढं वाचाच. समोरच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी जी काळी प्लास्टिकची जाळी असते तिथून बाहेरची हवा आत येते. पुढे एक झडप असते, आपण रिसर्क्युलेशनचं बटण दाबतो तेव्हा ही झडप बाहेरचा रस्ता बंद करून गाडीतलीच हवा ओढायला लागते. झडपेनंतर बहुतेक गाड्यांमधे फिल्टर आणि ब्लोअर येतात, मग कुलिंग कॉइल, म्हणजे हवा थंड करणारी नळ्यांची जाळी, आणि मग आपल्या तोंडासमोरचे व्हेंट. म्हणजे काचा बंद करून रिसर्क्युलेशनवर गाडी चालवली तरी हवा बहुतेक गाड्यांत या फिल्टरमधूनच फिरते, "मी बाहेरची हवा घेतच नाही, मला कशाला फिल्टर" हे म्हणणं चालत नाही.

आणि फिल्टर चोक झाला की नुसता वारा कमी होतो असं नाही. कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही तर तिच्यावर बर्फ धरायला लागतो, मग लांबच्या प्रवासात तासाभराने एसी एकदम बसल्यासारखा वाटतो आणि गाडी थोडी थांबवली की परत चालू. पावसाळ्यात घाटात काचेवर धुकं धरतं ते लवकर जात नाही, हा त्रास तर उकाड्यापेक्षा वाईट, कारण समोरचं दिसतच नाही. मात्र ब्लोअर एक, दोन, तीनवर मुळीच फिरत नसेल आणि फक्त चारवर फिरत असेल तर तो फिल्टरचा दोष नाही, ब्लोअरचा रेझिस्टर, म्हणजे त्याचा वेग कमी-जास्त करणारा भाग, गेलेला असतो, ते काम वेगळं.

मी सांगतेय ते माझ्या ह्युंदाई ग्रँड आय टेनवरून. आय ट्वेंटी, क्रेटा साधारण याच पद्धतीच्या. स्विफ्ट, वॅगनआर, बलेनोमधे ग्लोव्हबॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली घ्यायचा असतो. होंडा आणि टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत पण असंच, फक्त एका बाजूला छोटा दांडा असतो, तो आधी सोडवायचा. काही गाड्यांमधे मात्र ग्लोव्हबॉक्सला स्क्रू असतात, काहींमधे फिल्टर पायाशी बाजूला दडवलेला असतो, तिथे आडवं पडून काम करावं लागतं आणि मानेचं भजं होतं. म्हणून सुरुवात करायच्या आधी गाडीचं मॅन्युअल काढा, ते ग्लोव्हबॉक्समधेच कव्हरसकट पडलेलं असतं, त्यात "क्लायमेट कंट्रोल एअर फिल्टर" किंवा "एअर कंडिशनर फिल्टर" असं शोधा. आणखी एक, काही जुन्या आणि बेस मॉडेलमधे कंपनीकडून फिल्टर आलेलाच नसतो, खाच असते पण आत काहीच नसतं, किंवा खाचेवर प्लास्टिकचं तोंड बंद केलेलं असतं. झाकण उघडल्यावर रिकामं दिसलं तर कुणी चोरला असं समजून भांडायला जाऊ नका.

कोणता घ्यायचा

दोन प्रकार मिळतात. साधा पांढरा, तो धूळ आणि परागकण अडवतो. दुसरा कार्बनवाला, राखाडी किंवा काळपट, त्यात ॲक्टिव्हेटेड कार्बनचा थर असतो, तो वास आणि काही वायू शोषून घेतो. माझं मत विचाराल तर रोज शहरातल्या ट्रॅफिकमधे, ट्रक आणि सिटी बसच्या मागे उभं राहायला लागत असेल तर कार्बनवाला घ्या, फरक खरंच कळतो. गाडी गावाकडे, मोकळ्या रस्त्यावर जास्त चालत असेल तर साधा घ्या आणि लवकर बदला, तो जास्त फायद्याचा. कार्बनवाल्याची एक अडचण आहे, तो मुळातच काळा असल्यामुळे घाण झालाय की नाही ते दिसत नाही आणि धूळ नसली तरी कार्बनची वास शोषायची ताकद संपलेली असते, त्यामुळे तो डोळ्यांनी बघून चालत नाही, तारखेवर बदलावा लागतो.

हेपा म्हणून लिहिलेले महागडे फिल्टर पण ऑनलाइन दिसतात. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण एवढं दाट कापड असलं की हवा ढकलायला ताकद लागते आणि आपल्या छोट्या गाड्यांचा ब्लोअर त्यासाठी बनवलेला नसतो. घ्यायचाच असेल तर तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला घ्या, कापून बसवायचा नको. आणि कुठलाही केबिन फिल्टर, कार्बनवाला असो की हेपा, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. बंद पार्किंगमधे इंजिन चालू ठेवून एसीत झोपायची सवय कुणाला असेल तर फिल्टरच्या भरवशावर राहू नका, त्यात जीव जातो.

किमतीचं म्हणाल तर छोट्या गाड्यांचा साधा दोनशे ते चारशेच्या आसपास, कार्बनवाला चारशे ते आठशे, असा साधारण हिशोब धरा. बॉश, मान, माहले, प्युरोलेटर, उनो मिंडा यांचे मिळतात, नाहीतर कंपनीचा ओरिजिनल, म्हणजे मारुतीचा एमजीपी, ह्युंदाईचा मोबिस. पुण्यात असाल तर नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन हातात घेऊन बघता येतो, मला तेच आवडतं, कारण घड्या मोजता येतात. हो, घड्या मोजायच्या. नकली मालात कापड वाचवायला घड्या कमी घालतात, फ्रेम लिबलिबीत असते, कडेचा फोम कुठे आहे कुठे नाही. जुना फिल्टर सोबत नेला असेल तर शेजारी ठेवून लगेच कळतं. दुकानदाराला मॉडेल, वर्ष आणि पेट्रोल की डिझेल एवढं सांगा, वर्ष महत्त्वाचं आहे कारण त्याच नावाच्या गाडीचं मॉडेल बदललं की फिल्टरचं माप बदलतं.

कधी बदलायचा

मॅन्युअलमधे किलोमीटर दिलेले असतात, ते बघा. माझा नियम आहे १०,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते. आणि वर्षातला महिना म्हणाल तर दिवाळीच्या साफसफाईत. बरेच जण उन्हाळ्याच्या तोंडावर बदलतात, मीही पहिल्या वेळी तसंच केलं. पण मग चार महिने पाऊस, ओलसर हवा, फिल्टरला बुरशी, आणि तोच कुबट वासाचा फिल्टर पुढच्या मार्चपर्यंत ओढायचा. पाऊस संपला की बदला, आणि एप्रिलमधे एकदा नुसता काढून झटकून परत घाला. जिथे रस्त्याचं काम चालू आहे तिथून रोज ये-जा असेल तर हा हिशोब विसरा, सहा महिन्यांतच बघा.

कामाला लागू

सामान काही लागत नाही. नवा फिल्टर, मोबाईलचा टॉर्च, जुना पेपर, एखादा रंगाचा कोरडा ब्रश, ओला करून घट्ट पिळलेलं फडकं, एक प्लास्टिकची पिशवी आणि तोंडाला मास्क. मास्क चेष्टा म्हणून सांगत नाहीये, वर्षाची धूळ तोंडापासून वीतभर अंतरावर हलवणार आहात, दमा असेल तर दुसऱ्या कुणाला करायला सांगा. व्हॅक्यूम क्लीनर असेल आणि वायर पोचत असेल तर उत्तम.

गाडी सावलीत, सपाट जागी, हँडब्रेक ओढून. चावी काढा, नुसती बंद नाही, काढून खिशात. बटण स्टार्ट असेल तर इग्निशन पूर्ण बंद आहे ना बघा. डावीकडचं पुढचं सीट पूर्ण मागे सरकवा, खाली पेपर अंथरा.

ग्लोव्हबॉक्स रिकामा करा, सगळा. थोडं राहू दे म्हणाल तर ते सगळं पायात पडणार. आता आत हात घालून डाव्या आणि उजव्या भिंतीवर बघा, वरच्या बाजूला दोन प्लास्टिकचे गोल अडसर दिसतील, ते असतात म्हणून बॉक्स उघडताना अर्ध्यात थांबतो. ते फिरवून आतल्या बाजूला ओढायचे की निघतात. पहिल्या वेळी घट्ट असतात, पकड वापरू नका, प्लास्टिक आहे, तुटतं. बोटाने जमत नसेल तर फडक्यात धरून फिरवा. निघाले की लगेच खिशात, माझा एक सीटच्या रुळात पडला होता आणि तो शोधण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात दोन फिल्टर बदलून झाले असते. एका बाजूला बॉक्स हळू उघडण्यासाठी दोरी किंवा दांडा असतो, तो आकड्यातून सोडवा. कूल्ड ग्लोव्हबॉक्स असेल तर मागे थंड हवेची एक नळी असू शकते, ती दिसली तर ओढू नका, हलक्या हाताने बाजूला काढा. लाइट असेल तर तिची वायर पण तशीच.

इथेच आमचे बाबा गॅलरीतून ओरडले होते, "अगं ते सगळं डॅशबोर्ड उपसून ठेवशील, नंतर कोण लावणार?" त्यांना काय सांगणार, बॉक्स खाली लोंबायला लागला की खरंच असं वाटतं की आपण काहीतरी मोडलंय. मोडलेलं नसतं, तो तसा लोंबण्यासाठीच बनवलेला असतो.

आत टॉर्च मारा. वायरी दिसतील, त्यात पिवळ्या रंगाचं कनेक्टर किंवा पिवळं कव्हर असलेली वायर दिसली तर ती एअरबॅगची, तिला हात लावायचा नाही, ओढायची नाही, बाजूला पण सारायची नाही. आपल्याला तिथे काही कामच नाहीये. आपलं काम समोरच्या आडव्या काळ्या झाकणाशी, साधारण वीतभर लांब, चपटं. त्याच्या कडेला लॉक असतं, ते दाबून झाकण स्वतःकडे ओढा.

आता फिल्टरची कड दिसतेय. थांबा, ओढू नका. आधी मोबाईलवर फोटो काढा. फिल्टरच्या कडेवर बाण छापलेला असतो, तो कुठल्या दिशेला आहे आणि सोबत काय लिहिलंय ते फोटोत यायला पाहिजे.

मग फिल्टर दोन्ही हातांनी, आडवाच ठेवून, सरळ रेषेत हळूहळू बाहेर. आडवाच का, तर या गाडीत हवा वरून खाली जाते, म्हणजे सगळी पानं, माशा, काड्या फिल्टरच्या वरच्या अंगावर बसलेल्या असतात आणि बरोबर खाली ब्लोअरचा पंखा आहे. तिरका केलात की घरंगळून थेट पंख्यात. मी केलाय तिरका. तीन दिवस गाडीत सायकलच्या स्पोकमधे पत्ता अडकवल्यासारखा टरटर आवाज येत होता, शेवटी ब्लोअर खालून उघडून घ्यावा लागला आणि निघालं काय, तर पिंपळाच्या एका पानाचा देठ.

आता जुना फिल्टर फेकू नका

पेपरवर ठेवा आणि उजेडात नीट बघा, गाडीच्या आतलं काय चाललंय ते यावर उमटलेलं असतं. ज्या बाजूला घाण जास्त ती हवा येण्याची बाजू, ही पहिली गोष्ट. दोन्ही बाजूंना सारखीच घाण असेल तर एक तर तो कुणीतरी मधे काढून उलटा घातला होता, किंवा कडेने हवा जात होती. एकाच कडेला काळा पट्टा ओढल्यासारखा असेल तर फिल्टर नीट बसलेला नव्हता, माप चुकीचं होतं किंवा आत घालताना दुमडला होता.

रंगावरून गाडी कुठे फिरलीय ते कळतं. शहरातला फिल्टर राखाडी ते काळा, टायर, ब्रेक आणि डिझेलची काजळी. माझ्या मावसभावाची गाडी दोन वर्षं मुंबई-गोवा हायवेच्या कामातून चिपळूणला जात होती, त्याचा फिल्टर विटेसारखा तांबडा निघाला. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या हंगामात पाचट जाळतात तेव्हा काळ्या राखेच्या चिंध्या वायपरवर येऊन बसतात, त्यातल्या काही इथपर्यंत पोचतात. शेवरीच्या झाडाखाली पार्किंग असेल तर एप्रिलमधे म्हातारीच्या कापसाची अक्षरशः गादी झालेली असते.

पानं आणि काड्या खूप निघाल्या तर नुसता फिल्टर बदलून उपयोग नाही, बॉनेट उघडून वायपरखालची जाळी साफ करा, दर महिन्याला, पाणी न मारता हाताने पानं उचलून. तिथे पाणी जायची भोकं असतात, ती पानांनी बुजली की पावसाचं पाणी साचून आत यायला लागतं. फिल्टर ओला, किंवा पाण्याचे वाळलेले डाग असलेला निघाला तर पहिला संशय याच भोकांवर घ्या.

आणि फिल्टर कुरतडलेला असेल, कडेला भोक, कापडाच्या पिंज्या, काळे दाण्यासारखे लेंडे, तर तुमच्याकडे पाहुणे आहेत. उंदराला पावसाळ्यात ही जागा फार आवडते, कोरडी, उबदार, आणि अंथरायला मऊ कापड तयार. अशा वेळी हाताला ग्लोव्ह घाला, झाडू किंवा ब्रशने कोरडं झाडू नका, आधी जंतुनाशकात भिजवलेल्या फडक्याने ओलं करून पुसून घ्या, ती धूळ छातीत जाणं चांगलं नाही. आणि वायरी कुरतडल्यात का ते मेकॅनिकला दाखवा, फिल्टर काही शेचा गेला तर जाऊ दे, वायरिंगचा खर्च हजारांत जातो.

मागच्या सर्व्हिसच्या बिलावर बदलल्याची तारीख असेल तर ती आणि फिल्टरची अवस्था जुळतेय का तेही आत्ताच बघून घ्या. मी त्या दादाकडे उभी राहून हेच बघितलं होतं.

धुऊन चालतो का, हे सगळे विचारतात. नाही चालत. बऱ्याच फिल्टरचं कापड स्थिर विजेच्या जोरावर बारीक धूळ धरून ठेवतं, पाणी लागलं की तो जोर जातो, मग दिसायला स्वच्छ आणि कामाला शून्य. हवेच्या प्रेशरने मारला तर तंतू फाकतात आणि बारीक धूळ सरळ आरपार. नवा मिळेपर्यंत हलकेच आपटून झटकून परत घालणं एवढंच ठीक. अत्तर, डेटॉल, कापूर, असलं काही फिल्टरवर शिंपडू पण नका.

आणि फिल्टर मिळत नाही म्हणून महिनोन् महिने तसंच रिकामं चालवू नका. दोन-चार दिवस काही होत नाही, पण कुलिंग कॉइल कायम ओली असते, तिच्यावर धूळ बसली की चिखल होतो आणि त्यासाठी डॅशबोर्ड उतरवायची वेळ आली तर मग बाबांचं म्हणणं खरं ठरतं.

नवा बसवणे

आधी खाच साफ करा. व्हॅक्यूमचं बारीक तोंड किंवा पिळलेलं फडकं, आतल्या बाजूला ढकलायचं नाही, बाहेरच्या बाजूला ओढायचं. खाली पंखा आहे हे डोक्यात ठेवा. फिल्टर बाहेर असताना ब्लोअर लावायचा मोह टाळा, दादाने लावला तेव्हा त्याने आत टॉर्च मारून बघितलं होतं.

नवा फिल्टर जुन्यावर ठेवून माप बघा, लांबी, रुंदी, जाडी तिन्ही. पिशवीतून काढा (हसू नका, पारदर्शक कव्हरसकट घातलेला फिल्टर मी डोळ्यांनी पाहिलाय).

आता बाण. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण बाण दोन प्रकारचे असतात. "एअर फ्लो" लिहिलेला बाण हवा कुठल्या दिशेने जाते ते सांगतो, ह्युंदाईत हा बाण खाली तोंड करून पाहिजे. "अप" लिहिलेला बाण हवेबद्दल काहीच सांगत नाही, तो फक्त फिल्टरची वरची बाजू कुठली ते सांगतो, टोयोटाच्या फिल्टरवर असा असतो, तो वर तोंड करून. म्हणजे एका गाडीत बाण खाली बरोबर आणि दुसरीत बाण वर बरोबर, म्हणून शेजारच्या काकांचा सल्ला ऐकायचा नाही, त्यांची गाडी वेगळी आहे. बाण छापलेलाच नसेल तर जुन्याची घाण बाजू आठवा, नव्याची जी बाजू तिकडे जाणार ती धूळ खाणार. काही फिल्टरमधे एका बाजूला पातळ जाळी चिकटवलेली असते, ती कापडाला मागून आधार देण्यासाठी असते, ती हवा बाहेर पडण्याच्या बाजूला. काही गाड्यांत फिल्टर आडवा नसून उभा असतो, तिथे हवा डावीउजवीकडे वाहते, तत्त्व तेच.

उलटा बसला तर गाडी बंद पडत नाही, पण आवाज वाढतो आणि धूळ नीट धरली जात नाही.

सरळ, न वाकवता आत सरकवा. अडला तर जोर लावू नका, बाहेर काढून परत घाला, बहुतेक वेळा कडेचा फोम दुमडलेला असतो. पूर्ण आत गेला की झाकण आपोआप सपाट बसतं आणि टक असा आवाज येतो. झाकण बसत नसेल तर फिल्टर आत गेलेला नाही, झाकण दाबून बसवू नका.

झाकण लावायच्या आधी फिल्टरच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी कुणी "बदललाय" म्हणालं तर पुरावा तिथेच आहे, आणि सर्व्हिसिंगला गाडी टाकतानाच "एसी फिल्टरला हात लावू नका" असं जॉबकार्डवर लिहून घ्या, तोंडी सांगू नका.

मग ग्लोव्हबॉक्स. खालचे बिजागर आधी बसलेत ना बघा, दोरी आकड्यात, मग दोन्ही अडसर आपापल्या भोकात घालून फिरवा. एक बसतो आणि दुसरा बसत नाही असं झालं तर बॉक्स थोडा वर उचलून बघा. दोन-तीन वेळा उघडबंद करा, खडखड येत असेल तर काहीतरी अर्धवट राहिलंय.

गाडी चालू करा, सगळ्या काचा उघड्या, ब्लोअर एकपासून चारपर्यंत, प्रत्येकावर थोडं थांबून. टरटर, खरखर नको. शिट्टीसारखा आवाज आला तर झाकण नीट बसलेलं नाही. नव्या कार्बन फिल्टरला पहिले एक-दोन दिवस किंचित वेगळा वास येऊ शकतो, जातो तो.

फिल्टर नवा आणि तरी एसी लावताच ओल्या गोधडीसारखा वास येत असेल तर बुरशी कॉइलवर आहे. घरी पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसीचं बटण बंद करायचं पण ब्लोअर चालू ठेवायचा, बाहेरच्या हवेवर, म्हणजे कॉइल वाळते. ही सवय लावून बघा, पंधरा दिवसांत फरक पडतो. तेवढ्याने नाही गेला तर कॉइल साफ करायचा फोम मिळतो, पण तो मी मेकॅनिककडूनच मारून घेते. एसी चालू असताना गाडीखाली डाव्या बाजूला पाणी ठिबकत नसेल आणि डावीकडचं कार्पेट ओलं लागत असेल तर ड्रेनची नळी तुंबलीय, तेही त्यालाच दाखवा.

जुना फिल्टर पिशवीत घालून तोंड बांधून सुक्या कचऱ्यात टाका, जाळू नका. हात धुवा. आणि ग्लोव्हबॉक्समधलं सामान परत ठेवताना प्रत्येक कागद उलगडून बघा, माझ्या पीयूसीची तारीख उलटून दीड महिना झाला होता आणि मी मजेत स्वारगेटच्या चौकातून रोज जात होते.